गिन्नीवरचा घोडेस्वार
आजीच्या हारातील परदेशी दंतकथा आणि आपली अहिंसेची परंपरा

कर्जत, नेरळ, चौक, खालापूर, खोपोली या बाजारपेठांत काही पिढ्यांपूर्वी स्थिरावलेल्या व्यापारी घरांतील दागिन्यांच्या डब्यात ठुशी, मोहनमाळ, बोरमाळ यांच्या जोडीला पुष्कळदा एक वेगळा डाग असतो. रेशमी गोफात किंवा सोन्याच्या साखळीत ओवलेली, वर नाके झाळलेली पाच, सात किंवा अकरा गोल नाणी. घरात त्याला गिन्नीचा हार म्हणतात. लग्नकार्यात, वरघोड्याच्या मिरवणुकीत, पर्युषणातील जन्मवाचनाच्या दिवशी तो बाहेर निघतो आणि सायंकाळी पुन्हा मखमली पिशवीत परततो. नाण्याच्या एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड किंवा पाचवा जॉर्ज यांचे मुखचित्र असते. ती बाजू लोकांना दिसते. दुसरी बाजू अंगाला लागून राहते, म्हणून ती सहसा कोणी निरखून पाहत नाही.

त्या दुसऱ्या बाजूला एक घोडेस्वार आहे. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यामागे उडणारे उपवस्त्र, हातात आखूड तलवार. उधळलेल्या घोड्याच्या टापांखाली पंख असलेला, सर्पासारख्या शेपटीचा एक प्राणी तळमळतो आहे. स्वार त्याच्यावर घाव घालण्याच्या पवित्र्यात आहे. पायाखाली किडा-मुंगी येऊ नये म्हणून जपणाऱ्या, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरातील स्त्रीच्या गळ्यात हे वधाचे चित्र शंभर वर्षांहून अधिक काळ निर्वेधपणे नांदत आले आहे.

आज हा विषय काढण्याचे कारण व्यावहारिक आहे. सोन्याचे भाव चढले आहेत, नव्या सुनांना हलके आणि रोज वापरता येतील असे दागिने हवे आहेत, आणि वाटण्यांचे प्रसंगही घरोघरी येतातच. त्यामुळे गिन्नीचे हार एकामागून एक मोडीत निघत आहेत. हार मोडावा की ठेवावा, आणि ठेवला तर श्राविकेने तो घालावा का, हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांचे उत्तर केवळ त्या दिवसाचा भाव पाहून देण्यासारखे नाही.

नाणे आपल्या घरात कसे आले

‘गिन्नी’ हा शब्द इंग्रजांच्या ‘गिनी’ या जुन्या सोन्याच्या नाण्यावरून आला. पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरील सोन्यामुळे १६६३ पासून पाडल्या गेलेल्या त्या नाण्याला ते नाव मिळाले होते. आपल्या हारातील नाणे मात्र त्याच्यानंतरचे. इंग्लंडने १८१६ च्या कायद्याने आपल्या चलनाची नवी घडी बसवली आणि १८१७ पासून ‘सॉव्हरिन’ नावाचे नाणे पाडले. आपल्या बाजारांनी जुने नावच नव्या नाण्याला चिकटवले. या नाण्याचे वजन ७.९८८ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने सव्वाआठ मासे, शुद्धता २२ कॅरेट आणि व्यास सुमारे २२ मिलिमीटर. त्यात निव्वळ सोने ७.३२ ग्रॅम भरते. दोनशे वर्षांत राजे बदलले, मुखचित्रे बदलली, पण हे वजन आणि हा कस बदललेला नाही.

हिंदुस्थानात या नाण्याला कायदेशीर चलनाचा दर्जा १८९९ मध्ये मिळाला आणि त्याची किंमत १५ रुपये ठरली. तोवर आपल्या भागाचा चेहराच पालटला होता. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत पोहोचली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाल्यावर मुंबई थेट पुण्याशी जोडली गेली. घाटाच्या पायथ्याचे कर्जत हे जंक्शन झाले. १९०७ मध्ये नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचे वीजकेंद्र उभे राहिले. भात, मीठ, किराणा, कापड, लाकूड यांच्या उलाढालीत मारवाड, गुजरात आणि कच्छमधून आलेली कुटुंबे या बाजारपेठांत रुजली. मुंबईचा झवेरी बाजार आता एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर होता. हंगामाअखेर उरलेली शिल्लक चांदीच्या रुपयांच्या थैल्यांत ठेवण्यापेक्षा चार गिन्न्यांत ठेवणे सोयीचे होते.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर या नाण्याचे गुण सहज ध्यानात येतात. कस लावून पाहण्याची गरज नाही, कारण शुद्धता टांकसाळीने हमीने दिलेली. घडणावळ जवळजवळ नाही, म्हणून मोडताना तोटा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डाग तोडल्यावाचून त्याची वाटणी होते. तीन मुलींना नऊ गिन्न्या द्यायच्या तर गोफ सोडायचा आणि तीन-तीन काढून द्यायच्या. एखादे वर्ष कठीण गेले तर हारातील एक नाणे पेढीवर जाई आणि बरे वर्ष आले की परत येई. हार म्हणजे गळ्यात घातलेली खतावणीच होती.

नाणे गळ्यात घालण्याची रीत इंग्रजांनी आणली असे नव्हे. महाराष्ट्रात पुतळीहार त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ‘पुतळी’ हे नावही मुळात एका परदेशी नाण्याचे. इटलीतील व्हेनिस नगरराज्याचे सुमारे साडेतीन ग्रॅमचे, जवळपास शुद्ध सोन्याचे नाणे सागरी व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर येत असे. त्यावर तेथील राज्यप्रमुख आपल्या संतासमोर गुडघे टेकून बसलेला असे. आपल्या लोकांना त्यात दोन पुतळ्या दिसल्या. पुढे सोनारांनी त्याच घाटाच्या चकत्या पाडून त्यांवर लक्ष्मीची किंवा राम-सीतेची आकृती उठवली. परदेशी चित्र प्रथम निव्वळ वजन म्हणून घरात आले, मग त्याला आपले नाव मिळाले आणि अखेरीस त्याच्या जागी आपले चित्र बसले. गिन्नीच्या बाबतीत हा प्रवास मध्येच थांबला. तिला नाव मिळाले, पण तिच्यावरचे चित्र बदलले नाही.

मुंबईच्या टांकसाळीची गिन्नी

गिन्नीच्या इतिहासात एक पान आपल्या अगदी जवळचे आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्गे सोन्याची ने-आण धोक्याची झाली, तेव्हा लंडनच्या शाही टांकसाळीची एक शाखा मुंबईच्या टांकसाळीत उघडण्यात आली. तेथे १९१८ या एकाच सालच्या १२,९५,३७२ गिन्न्या पाडल्या गेल्या. त्याच वर्षी मुंबईत त्याच वजनाची आणि त्याच कसाची, १५ रुपये किमतीची सोन्याची मोहोरही निघाली. मोहोरेच्या मागच्या बाजूला घोडेस्वार नाही, केवळ अक्षरे, साल आणि वेलबुट्टी आहे.

मुंबईची गिन्नी ओळखणे सोपे आहे. घोड्याच्या पायांखाली जी जमिनीची रेषा आहे, तिच्या मध्यावर, सालाच्या किंचित वर, इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर असते. भिंगाखाली ते स्पष्ट दिसते. त्याच जागी ‘एस’ असेल तर नाणे सिडनीचे, ‘एम’ असेल तर मेलबर्नचे, ‘पी’ असेल तर पर्थचे, ‘सी’ असेल तर कॅनडाचे आणि ‘एसए’ असेल तर दक्षिण आफ्रिकेचे. यांतील कोणतेही अक्षर नसले तर ते सहसा लंडनचे. म्हणजे एकाच गळ्यातील सात नाणी पाच खंडांतून आलेली असू शकतात. २०१३ पासून लंडनच्या टांकसाळीच्या परवान्याने भारतात पुन्हा गिन्न्या पाडल्या जाऊ लागल्या आणि त्यांवरही तेच ‘आय’ अक्षर ठेवले गेले.

मुखचित्रावरूनही काळ कळतो. तरुण, केस बांधलेली व्हिक्टोरिया १८३८ ते १८८७ या काळातली. डोक्यावर लहानसा मुकुट असलेली १८८७ ते १८९३ मधली. आणि डोक्यावरून पदरासारखे वस्त्र घेतलेली वृद्ध व्हिक्टोरिया १८९३ ते १९०१ मधली. राणीला १८६१ मध्ये वैधव्य आले होते आणि पुढे तिने शोकवेष टाकला नाही. ही पदर घेतलेली राणी आपल्या आज्यांना परकी वाटली नसावी. तरुण व्हिक्टोरियाच्या पुष्कळ नाण्यांच्या मागे घोडेस्वार नसून राजचिन्हाची ढाल असते. त्यामुळे आपल्या हारात कोणत्या बाजूला काय आहे, ते एक-एक नाणे उलटून पाहिल्यावाचून कळत नाही.

घोडेस्वाराची कथा

नाण्यावरचा स्वार म्हणजे संत जॉर्ज, इंग्लंडचा संरक्षक संत. हे चित्र कोरणारा बेनेडेट्टो पिस्त्रुची हा रोमचा कलावंत. रत्नांवर आणि शंख-पाषाणांवर उठावाची चित्रे कोरणे हा त्याचा मूळ व्यवसाय होता. अंगठीत आणि पदकात बसवायच्या नाजूक कोरीवकामात मुरलेल्या हाताने १८१७ मध्ये हे नाणे घडवले. जॉर्जचे चित्र त्याच्याही आधीपासून अलंकारांत होते. इंग्लंडच्या राजाने सुमारे १३४८ मध्ये स्थापन केलेल्या ‘गार्टर’ या मानकरी मंडळाच्या सोन्याच्या साखळीला अश्वारूढ जॉर्जचे लोलक लटकते आणि त्या लोलकालाच ‘जॉर्ज’ म्हणतात. तिकडच्या उमरावांच्या गळ्यातील हे चिन्ह नाण्यावर चढले आणि कर्जत-खालापूरच्या घरांत पुन्हा गळ्यातच येऊन बसले.

हा जॉर्ज इंग्लंडचा मात्र नव्हता. परंपरेनुसार तो रोमन सैन्यातील एक योद्धा आणि आपल्या धर्मासाठी प्राण दिलेला हुतात्मा होता. त्याने इंग्लंडची भूमी कधी पाहिली नाही. पंख असलेल्या प्राण्याची, म्हणजे ड्रॅगनची कथा त्याच्या नावाशी पुष्कळ नंतर जोडली गेली. तेराव्या शतकात इटलीत रचल्या गेलेल्या संतचरित्रांच्या एका प्रसिद्ध संग्रहामुळे ती युरोपभर पसरली. त्या संग्रहात ती घटना लिबियातील एका नगरात घडते.

नगराजवळच्या सरोवरात एक ड्रॅगन राहत असतो. त्याच्या श्वासानेच माणसे मरतात. त्याला शांत ठेवण्यासाठी नगरवासी रोज दोन मेंढ्या देतात. मेंढ्या कमी पडू लागल्यावर चिठ्ठ्या टाकून मुले-माणसे दिली जाऊ लागतात. एके दिवशी चिठ्ठी राजकन्येच्या नावाची निघते. ती सरोवराकाठी उभी असताना जॉर्ज तेथे येतो आणि भाल्याने ड्रॅगनला जखमी करतो. मग तो राजकन्येला सांगतो, तुझा कमरपट्टा याच्या गळ्यात घाल. ती तसे करते आणि तो भयंकर प्राणी पाळीव कुत्र्यासारखा तिच्या मागून मुकाट्याने चालू लागतो. दोघे त्याला नगरात आणतात. लोक घाबरून पळतात. तेव्हा जॉर्ज म्हणतो, तुम्ही सर्वांनी माझा धर्म स्वीकारा, म्हणजे मी याला मारून टाकतो. लोक मान्य करतात आणि जॉर्ज त्या निमूट झालेल्या प्राण्याचा वध करतो.

पिस्त्रुचीने चित्रासाठी झुंजीचा क्षण निवडला. कमरपट्ट्याने बांधलेला, मागून चालणारा ड्रॅगन नाण्यावर नाही. म्हणून कथेतील सर्वांत विचार करण्यासारखी जागा पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटते. प्राणी शांत झालेला होता, आणि तरीही तो मारला गेला.

याच बेटावर ड्रॅगनकडे पाहण्याची दुसरी दृष्टीही आहे. वेल्स या प्रदेशाच्या ध्वजावर तांबडा ड्रॅगन मानाने उभा आहे. १९५९ पासून तो ध्वज अधिकृत आहे. नवव्या शतकातील एका लॅटिन इतिहासात त्यामागची दंतकथा येते. एका राजाचा किल्ला बांधला की ढासळत असे. खणून पाहिले तेव्हा खाली तांबडा आणि पांढरा असे दोन ड्रॅगन झुंजताना दिसले. तांबडा म्हणजे तेथले मूळ रहिवासी आणि पांढरा म्हणजे चालून आलेले परके, असा अर्थ एका बालकाने सांगितला. म्हणजे इंग्लंडच्या नाण्यावर जो वध्य, तोच शेजारच्या वेल्समध्ये आपला रक्षणकर्ता. इंग्लंडच्या अलंकारांतील दुसरे प्रसिद्ध चिन्ह, तांबड्या आणि पांढऱ्या पाकळ्यांचा ट्यूडर गुलाब, मात्र समेटाचे आहे. दीर्घकाळ लढलेल्या दोन राजघराण्यांचा १४८६ मध्ये विवाहसंबंध जुळला आणि दोघांचे गुलाब एकात एक बसवले गेले. लंडन किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या आपल्या नातवंडांच्या गळ्यात आज ड्रॅगन, गुलाब किंवा राजा आर्थरची तलवार लटकलेली दिसली, तर त्या प्रत्येकामागे अशी वेगळी कथा आहे. कोणती कथा गळ्यात घालावी, हा विचार त्यांनाही शिकवण्यासारखा आहे.

आपल्याकडचा सर्प

नगराला भयभीत करणाऱ्या विषारी प्राण्याची कथा आपल्याकडेही आहे आणि ती आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. श्वेतांबर परंपरेत ती चंडकौशिकाची कथा म्हणून प्रसिद्ध आहे. कनकखल आश्रमाच्या वाटेवर दृष्टीतच विष असलेला सर्प राहत असे. त्याच्या भीतीने लोकांनी तो मार्ग सोडला होता. पूर्वजन्मी तो तापस होता आणि क्रोधातच त्याचा अंत झाला होता. भगवान महावीर सर्वांनी विनवूनही त्याच वाटेने गेले आणि ध्यानस्थ उभे राहिले. सर्पाने दृष्टी टाकली, पायाला दंश केला. पायातून दुधासारखी धार वाहिली. भगवंतांनी त्याला एवढेच सांगितले, की शांत हो, स्वतःला ओळख. सर्पाला पूर्वजन्म आठवले. त्याने अनशन स्वीकारले आणि आपल्या दृष्टीने कोणाला अपाय होऊ नये म्हणून तोंड बिळात घालून तो निश्चल पडून राहिला. निर्भय झालेल्या लोकांनी श्रद्धेने त्याच्या अंगावर तूप ओतले, तुपाला मुंग्या लागल्या, त्यांनी त्याचे शरीर चाळणीसारखे केले. पण आपल्या हालचालीने मुंग्या चिरडतील म्हणून तो हलला नाही.

दोन्ही कथा एका जागेपर्यंत जवळून चालतात. दोन्हींत भयभीत लोक आहेत, विषाने भरलेला प्राणी आहे, एकटा पुढे जाणारा पुरुष आहे आणि शेवटी शांत झालेला प्राणी आहे. तेथून वाटा फुटतात. एका कथेत प्राण्याच्या शांत होण्याला किंमत नाही, त्याचा वध हाच विजय ठरतो. दुसरीत शांत होणे हाच विजय आहे आणि तो सर्पाचा स्वतःचा आहे.

भगवान पार्श्वनाथांच्या चरित्रातील सर्पाचा प्रसंग दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरांत आहे. तापसाच्या धुनीत जळणाऱ्या ओंडक्यात सर्प आहे हे पार्श्वकुमारांनी ओळखले, ओंडका फोडवला आणि मरणोन्मुख जीवाला शांती दिली. धरणेंद्राची आणि पद्मावतीची कथा तेथूनच पुढे जाते. मस्तकावर फणांचे छत्र असलेली पार्श्वनाथांची मूर्ती प्रत्येक जैन मुलाने पाहिलेली असते. वृषभ, हत्ती, अश्व, कासव, सर्प, सिंह अशी किती तरी तीर्थंकरांची लांछने पशु-प्राण्यांची आहेत. त्यांतील एकही प्राणी पायाखाली चिरडलेला नाही. अष्टमंगलांत कलश आहे, दर्पण आहे, मत्स्ययुग्म आहे; शस्त्र एकही नाही.

चित्रातील हिंसा

तेव्हा प्रश्न असा, की घोडेस्वाराचे चित्र गळ्यात घालणे श्राविकेला कितपत शोभते? काही जण म्हणतील, नाणे हे वजन आहे, त्यात कसली हिंसा. परंतु आपल्या आचार्यांनी चित्रातील आणि प्रतिकृतीतील हिंसेचा विचार फार सूक्ष्मपणे केला आहे. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी ‘यशस्तिलक’ या ग्रंथात सांगितलेली राजा यशोधराची कथा याच प्रश्नाभोवती फिरते. राजाची आई चंद्रमती त्याला देवीपुढे बळी देण्याचा आग्रह धरते. तो जिवंत प्राणी मारण्यास नकार देतो. अखेर तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला जातो. रक्ताचा थेंबही सांडत नाही. तरीही त्या संकल्पाचे फळ म्हणून माय-लेकांना अनेक जन्म तिर्यंच योनीत दुःख भोगावे लागते. कोंबडा पिठाचा होता, पण मारण्याचा संकल्प खरा होता.

ही कथा दोन्ही बाजूंनी वाचता येते. प्रतिमेतील हिंसा क्षुल्लक नाही, असे ती बजावते. म्हणून एखादी नात म्हणाली, की मला हा वधाचा देखावा गळ्यात नको, तर तिचे म्हणणे पोरकट ठरवू नये. रेशीम आणि चामडे नाकारणाऱ्या समाजात चित्र नाकारणे हे त्याच विवेकाचे पुढचे पाऊल आहे. दुसरीकडे, दोषाचे मूळ संकल्पात आहे असेही तीच कथा सांगते. आपल्या पणज्यांनी हा हार घातला तो त्या स्वाराच्या पराक्रमासाठी नव्हे. त्यांच्या मनात माहेरची माया होती, पतीच्या कष्टाची शिल्लक होती, मुलींच्या लग्नाची सोय होती. वधाला त्यांचे अनुमोदन नव्हते. त्यांच्यावर दोष ठेवण्याचे कारण नाही.

नाण्यावरचे चित्र आपले लोक कधी पाहतच नसत, असेही नाही. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या नावाने निघालेल्या चांदीच्या रुपयावर राजाच्या राजवस्त्रावरील सन्मानचिन्हात एक लहानसा हत्ती कोरलेला होता. त्याची सोंड आणि पाय इतके आखूड आले होते, की लोकांना तो डुकरासारखा भासला. त्यावरून असंतोष पसरला. सरकारला तो रुपया मागे घ्यावा लागला आणि १९१२ पासून हत्ती स्पष्ट दिसेल असे नवे नाणे काढावे लागले. नखाएवढ्याही नसलेल्या आकृतीने साम्राज्याच्या टांकसाळीला माघार घ्यायला लावली. लोक चिन्ह पाहतात, फक्त पाहण्याचा प्रसंग यावा लागतो. गिन्नी वाटणीसाठी किंवा मोडीसाठी हातात येते, तो असाच एक प्रसंग आहे.

मोडण्यापूर्वी

जे कुटुंब हार मोडण्याचा विचार करत असेल, त्याने काही गोष्टी आधी कराव्यात. हाराचे एकूण वजन न पाहता प्रत्येक नाणे वेगळे तोलावे. झाळलेल्या नाक्यामुळे वजन थोडे वाढते, आणि झाळणीचे सोने सहसा कमी कसाचे असल्यामुळे आटणीत तूट येते. वर्षानुवर्षांच्या घासण्याने काही नाणी हलकी झालेली असतात. खासगी रीतीने पाडलेल्या नकली गिन्न्याही बाजारात फार वर्षांपासून आहेत. काहींत सोने खरे असते, पण अक्षरे बोथट आणि घोड्याचे अवयव अस्पष्ट असतात. शंका असल्यास मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात तपासणी करून घ्यावी. १ एप्रिल २०२३ पासून नव्या दागिन्यांच्या विक्रीला सहा अक्षर-अंकांची ओळखखूण सक्तीची झाली, ती विक्रेत्यांसाठी. घरातील जुना डाग खूण नाही म्हणून बेकायदा ठरत नाही, याची खात्री बाळगावी.

नाके न झाळलेले, न घासलेले नाणे संग्राहकांकडे सोन्याच्या भावापेक्षा अधिक मोलाचे ठरू शकते. विशेषतः साल दुर्मीळ असेल तर. नाके झाळलेले नाणे मात्र बहुधा सोन्याच्या मोलानेच जाते. म्हणून सुटी गिन्नी घरात असेल तर तिला आता नव्याने नाके लावू नये आणि पॉलिशही करू नये.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलीला हार द्यायचा असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ ची मुंबई गिन्नीही आता त्या मर्यादेत आली आहे. विमानतळावर मनस्ताप होण्यापेक्षा जाणकाराचा सल्ला आधी घेणे बरे.

एक ऐतिहासिक गोष्टही ध्यानात असावी. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरेटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास बंदी आली. ती बंदी पुढे सैल झाली; तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत सोने बाळगणे हा सरकारी नजरेचा विषय राहिला. त्या काळातून तगून आलेला २२ कॅरेटचा हार म्हणजे घरातील कोणीतरी मुद्दाम जपलेली वस्तू आहे. ती कोणी जपली, हे विचारण्यासारखी माणसे घरात अजून आहेत तोवर विचारून घ्यावे.

मग मोडायचा असेल तर खुशाल मोडावा. परिग्रहाचे परिमाण ठरवणाऱ्या श्रावकाने सोन्याचा मोह धरावा असे कोणी म्हणणार नाही. त्या सोन्यातून मुलीचे शिक्षण झाले किंवा एखाद्या पांजरापोळाला वर्षभराचा चारा गेला, तर त्या घोडेस्वाराच्या टापांखालून खरोखर एक जीव सुटला असे समजावे. मात्र सर्व नाणी एकदम आटवू नयेत. निदान एक गिन्नी जशी आहे तशी ठेवावी. ज्यांना ती गळ्यात घालायची आहे त्यांनी घालावी. ज्यांना नको त्यांनी डब्यात ठेवावी. ढालीची गिन्नी किंवा वेलबुट्टीची मोहोर हाती असेल तर घालण्यासाठी तीच निवडावी.

आपल्याकडे दिवाळीत चोपडापूजन होते. त्या दिवशी भगवान महावीरांच्या निर्वाणाचे आणि गौतमस्वामींच्या केवलज्ञानाचे स्मरण असते. वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची ऋद्धी मागितली जाते, आणि पूजेच्या ताटात पुष्कळ घरांत अजूनही राणीछाप रुपया किंवा गिन्नी ठेवतात. येत्या दिवाळीत ती गिन्नी ताटातून उचलून मुलांच्या हाती द्यावी आणि भिंगाखाली उलटी करून दाखवावी. घोडा, स्वार, ड्रॅगन, साल, टांकसाळीचे अक्षर त्यांना स्वतः शोधू द्यावे. जॉर्जची कथा प्रामाणिकपणे सांगावी, राजकन्येच्या कमरपट्ट्याचा भाग न वगळता. मग चंडकौशिकाची कथा सांगावी आणि दोन्ही प्राणी शांत झाल्यावर कोणाचे काय झाले, ते मुलांनाच विचारावे. शेवटी वहीच्या मागच्या पानावर नोंद करावी: नाणे कोणत्या सालचे, कोणाच्या माहेराहून किंवा कोणत्या हंगामाच्या कमाईतून आले, वजन किती, हारात मुळात किती नाणी होती आणि उरलेली कोणत्या कामी आली.